जाणकार बाई

“म्हणजे हे मी लिहिलंच न्हाई, असं मीच लिहून द्यायचं.”

“तसं कुठं म्हणतोय मी? ब्लॉग तुझ्या नावावर हाय, पण लिहितो मी, एवढंच. दोन ओळी हायत. टाईप करून आणल्यात. तू फक्त सही कर.”

“तुमी लिहिता.”

“कागदावर गं. कागदावर.”

“सुकन्या, हात थांबवू नको,” तुळजाबाई म्हणाल्या. “गाठी झाल्या की कुरडई तुटती. भांडायचं तर हलवत भांड.”

परसात तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं होतं. तीन दिवस भिजवून आंबवलेल्या गव्हाचा चीक तुळजाबाई बारीक धारेनं आधणात सोडत होत्या आणि त्यांची सून सुकन्या दोन्ही हातांनी लाकडी दांडा फिरवत होती. चीक शिजायला लागला की बाईला चूल सोडून उठता येत नाही. परमेश्वरनं हे बघूनच ही वेळ धरली असावी, असं सुकन्याला वाटलं. तो पायरीवर बसला होता. रविवार असूनही इस्त्रीचा शर्ट, मांडीवर प्लॅस्टिकची फाईल. उद्या त्याला विद्यापीठात मार्गदर्शक सरांपुढं उभं राहायचं होतं.

परमेश्वर देवकते अकरा वर्षं वडवणीत आणि आसपासच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत होता. गावात सगळे त्याला सर म्हणत. कॉलेजच्या हजेरीपटावर मात्र त्याचं नाव दर जूनला नव्यानं चढायचं. आता पाटोद्याच्या एका कॉलेजात कायमची जागा निघाली होती. मुलाखत एप्रिलच्या शेवटी, आणि त्याआधी पीएच.डी. हातात पाहिजे. प्रबंध लिहून झाला होता, बांधून झाला होता. विषय होता, मेंढपाळ स्त्रियांचं जनावरांच्या आजारांविषयीचं ज्ञान. विद्यापीठानं तो नक्कल तपासायच्या यंत्रात घातला आणि एक्केचाळीस टक्के मजकूर आधीच कुठंतरी छापलेला निघाला. तो सगळा एकाच ठिकाणचा होता. ‘वाघर’ नावाचा ब्लॉग, लेखिका सुकन्या देवकते. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी.

मार्गदर्शक सरांनी फोनवर उपाय सांगितला होता. बायकोचं आहे ना, मग तुमचंच आहे. बायकोच्या नावानं तुम्हीच लिहीत होता असं तिच्याकडून लिहून आणा. स्वतःचं जुनं लेखन म्हणून ते वजा करू.

“खाली टीप द्या की,” सुकन्या म्हणाली. “बाकीच्या पुस्तकांच्या देता तशी. इथनं घेतलं म्हणून.”

“ब्लॉगची टीप चालत न्हाई म्हणतेत सर.”

“आणि?”

परमेश्वर फाईलच्या बटणाशी चाळा करत राहिला. बाकीचं तिलाही माहीत होतं. तिसरं प्रकरण तिनंच टाईप केलं होतं. संशोधकाने प्रत्यक्ष बासष्ट मुलाखती घेतल्या, असं त्यात होतं. ब्लॉगची टीप दिली तर या बासष्ट बायका गेल्या कुठं, ते सांगावं लागलं असतं.

“तूच म्हणलीस,” तो म्हणाला. “घरचंच हाय, घ्या, असं तूच म्हणलीस. मी मागायला आलो नव्हतो.”

ते खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, परमेश्वर छापील प्रश्नावली घेऊन डोंगराकडच्या वाड्यांवर तीन दिवस गेला होता. तिथं त्याला सगळे ओळखत होते. “आप्पारावाचा ना तू? बाप गेल्यावर मेंढरं इकली, आन आता मेंढरांचं आमाला इचारतोस व्हय?” असं म्हणून एकानं त्याला चहा पाजला आणि प्रश्नावलीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पोराचा अभ्यास करून घेतला. परमेश्वर घरी येऊन भिंतीला टेकून बसला. लहानपणी त्यानं स्वतः कळप हाकला होता, कोकराला पाठीवर घेऊन नदी ओलांडली होती, आणि त्याला एकाही बाईनं एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. तेव्हा सुकन्या म्हणाली होती, “माझ्या ब्लॉगवरनं घ्या की. घरचंच हाय.”

तिला त्या दिवशी आनंदच झाला होता, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं. पुढचं शिक्षण लग्नानंतर बघू, असं बैठकीत ठरलं होतं आणि बघायचं राहिलं होतं. आता आपण लिहिलेलं विद्यापीठात जाईल, नाव कुणाचं का असेना, एवढ्यावर ती खूश झाली. स्वतःच्या हातानं एकेक परिच्छेद उचलून तिनं त्याच्या फाईलमध्ये ठेवला होता. ‘बघा’च्या जागी ‘दिसून येते’ केलं होतं.

“घरचंच म्हणलं,” ती आता म्हणाली, “तुमचंच म्हणलं न्हाई.”

“लई फरक हाय का गं त्यात?” तुळजाबाईंनी शेवटची धार सोडली आणि भांडं उपडं करून थोपटलं. “नवरा परमनंट झाला तर पगार काय त्याच्या एकट्याच्या ताटात पडणार हाय? कर सही. मोबाईलात लिवून कुणाचं पोट भरलंय.”

चीक घट्ट होऊ लागला होता. दांडा जड झाला होता.

ती या घरात आली तेव्हा अंगणात एकशेवीस मेंढरं होती आणि मेंढरांची मालकीण कडूबाई होती. मालकी अर्थात आप्पारावांची, म्हणजे सुकन्याच्या सासऱ्यांची. पण कळपाला ती माहीत नव्हती. कडूबाई आप्पारावांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेर सिरसाळ्याचं. घरात सगळे तिला कडूकाकू म्हणत. स्वयंपाकघर तुळजाबाईंचं आणि कळप कडूकाकूंचा, अशी वाटणी झाली होती आणि दोघी एकमेकींच्या हद्दीत पाय ठेवत नव्हत्या. नव्या सुनेनं भाकऱ्या करून झाल्या की दुपारचं जेवण रानात पोचवायचं. तेवढ्या वेळात सुकन्या मेंढरांचं शिकली.

कडूकाकूंची औषध द्यायची एक रीत होती. लोक लांबून यायचे. कुणाच्या शेळीचं पोट फुगलेलं, कुणाच्या मेंढीच्या खुरात किडे. काकू पाला वाटायच्या, पण हातात द्यायच्या आधी नावं घ्यायच्या. “सिरसाळ्याची भागाबाई, तिची सासू कोंडाबाई, त्यांनी सांगितलं, मी देते.” कधी दोन नावं, कधी चार. नाव न घेता दिलेलं औषध लागू पडत नाही, असं त्या सांगायच्या. सुकन्याला ते तेव्हा देवदेवस्की वाटायचं.

एकदा एक म्हातारा गाभण शेळी घेऊन आला. काकूंनी पाला ओळखला, खुडला, धुतला, आणि मग तशाच बसून राहिल्या. बराच वेळ गेला. शेवटी म्हणाल्या, “मामा, जावा. गुरांच्या दवाखान्यात न्या.”

“कावून? पाला तर हातात हाय तुझ्या.”

“कुणी सांगितला ते आठवंना.”

“त्यात काय अडलं?”

“उलटं लागलं तर इचारायला कुणाकडं जाऊ मी?”

म्हातारा कुरकुरत गेला. सुकन्यानं हे पाहिलं, आणि बरीच वर्षं ते तिच्या मनात नुसतं पडून राहिलं. ते उलगडलं परमेश्वरच्या संदर्भसूचीपाशी. तो नोंदी सांगत होता आणि ती टाईप करत होती. आडनाव, नाव, वर्ष, पुस्तक, गाव, पान. चाळीसेक झाल्यावर ती वैतागून म्हणाली, “एवढं कशाला? कुणी सांगितलं याला काय करायचंय?” तो म्हणाला, “वाचणाऱ्याला शंका आली तर त्यानं तिथं जाऊन बघायचं. आपलं चुकलं असंल तर सापडावं म्हणून असतंय हे.” तो वर्गात शिकवतो तसं म्हणाला आणि पुढची नोंद सांगू लागला. सुकन्याची बोटं थांबली. हे तर काकूंचंच होतं. विद्यापीठाची एवढी दगडी इमारत आणि बाभळीखाली बसलेली काकू, दोघांचं म्हणणं एकच.

तोवर काकू घरात राहिल्या नव्हत्या. आप्पाराव गेले त्याच वर्षी मेंढरं विकायचं ठरलं. प्राध्यापकाच्या दारात लेंड्यांचा वास नको, असं कुणी उघड म्हणालं नाही. परमेश्वर म्हणाला, राखायला माणूस न्हाई. काकू म्हणाल्या, “मग मी कोण हाय?” त्या आपल्या वाटणीची चौदा मेंढरं घेऊन परळीच्या रस्त्यानं चालत सिरसाळ्याला भावाकडं निघून गेल्या. चौदा मेंढरं हाकत बाई नांदत्या घरातून चालत गेली, हे रस्त्यावरच्या प्रत्येक गावानं पाहिलं. तुळजाबाईंना तेच लागलं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव घ्यायचं नाही, असं झालं.

सुकन्यानं त्याच पावसाळ्यात लिहायला घेतलं. काकू गेल्या, आता हे कुणाला विचारायचं, म्हणून जे आठवेल ते. सायली, सुकन्याची मुलगी, तेव्हा सहावीत होती. ती शाळेत गेली की सुकन्या नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर बसायची. खुरांचं, गोचिडांचं, कोकरू दूध तोडत नसेल तर काय करायचं त्याचं. ती साधं लिहायची आणि प्रत्येक नोंद एकाच वाक्यानं सुरू करायची. हे मला आमच्या कडूकाकूंनी सांगितलं. लोक वाचू लागले. पुण्यात वॉचमन असलेला कुणी लिहायचा, माझी आजी हेच करायची. वडवणीच्या बाजाराला आलेला एक गुरांचा डॉक्टर म्हणाला, यातलं हे बरोबर, ते तपासायला पाहिजे. तिला ते तपासायला पाहिजे म्हणणंही आवडायचं. कुणीतरी धड वाचलंय, असं वाटायचं.

मग तुळजाबाईंच्या बहिणीचा फोन आला. “तुज्या सुनेनं मोबाईलवर कडूचं पुराण लावलंय म्हणं. समदं गाव म्हणतंय, गुणी बाई होती, हाकलून दिली.”

तुळजाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या हातची भाकरी खायची सोडली. दोन दिवस त्या स्वतः उठून स्वतःपुरती भाकरी थापत होत्या आणि ताट घेऊन दारात, रस्त्यावरून दिसेल असं बसून खात होत्या. तिसऱ्या दिवशी परमेश्वर म्हणाला, “नाव काढ की. माहिती तर ऱ्हातीच.” सुकन्यालाही तेव्हा ते पटलं. माहिती तर राहतेच. दुपारी बसून तिनं चौतीस नोंदी एकेक करून उघडल्या आणि कडूकाकूंच्या जागी ‘एक जाणकार बाई’ घातलं. चहाच्या वेळेपर्यंत काम संपलं. संध्याकाळी तुळजाबाईंनी तिच्या हातची भाकरी खाल्ली आणि वर मीठ बरोबर पडलं म्हणाल्या.

किरळीची नोंद त्यानंतरची. ज्वारी काढून नेली की धसकटं रानात उभी असतात. अवकाळी पाणी पडलं की त्यांना कोवळे फुटवे येतात. त्याला किरळ म्हणतात. दिसायला हिरवीगार, पण खाल्लं की जनावर तासाभरात आडवं. सुकन्यानं आठवून लिहिलं, एक जाणकार बाई सांगतात, किरळ आठ दिवसांनी चारली तर बाधत नाही. लिहिताना तिला थोडं अडखळल्यासारखं झालं होतं. काकू अजून काहीतरी म्हणाल्या होत्या. पण काकूंना फोन करून विचारायचं तर आधी त्यांचं नाव काढून टाकल्याचं त्यांना कळलंय का, हे विचारावं लागलं असतं. तिनं तसंच टाकून दिलं.

एक वर्षानं खाली एक प्रतिक्रिया आली. पाटोद्याकडचा शिवशंकर नावाचा मुलगा होता. लॉकडाऊनमध्ये पुण्याचं काम सुटलं, गावी येऊन शेळ्या घेतल्या होत्या. त्यानं लिहिलं होतं, “ताई, तुमचं वाचून आठ दिवस थांबून चारली. तीन शेळ्या गेल्या. तुमच्यावर राग नाही. त्या जाणकार बाईंचा नंबर मिळेल का? माझं काय चुकलं ते त्यांना विचारायचं आहे.”

सुकन्यानं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माझं काय चुकलं, असं तो विचारत होता.

दुसऱ्या दिवशी बाजाराला जाते सांगून ती परळी गाडीत बसली. सिरसाळ्यात काकूंच्या भावाचं घर गावाबाहेर होतं. पत्र्याच्या सावलीत काकू कोकरांना पाणी पाजत होत्या. बारीक झाल्या होत्या. सुकन्याला बघून त्या उठल्या, खाट झटकली, भाचसुनेला चहा टाकायला सांगितला. घरच्या सगळ्यांची विचारपूस केली. तुळजाबाईंच्या गुडघ्याचीसुद्धा.

“काकू, किरळीचं इचारायचं हुतं,” सुकन्या म्हणाली. “आठ दिस म्हणला हुतात तुमी. आठ दिस काय?”

काकूंनी कोकराचं तोंड पुसलं.

“मला काय ठावं माय. जाणकार बाईला इचार.”

सुकन्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

“भाचा वाचून दावतो मला,” काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. “चांगलं लिवतीस तू. पयलं माझं नाव हुतं, मग न्हाईसं झालं. म्हणलं, मी मेले का काय. मग म्हणलं, न्हाई, ही दुसरी कोण बाई असंल. जाणकार हाय म्हणं.”

“आत्याबाईंना...”

“तुळजाचं ठावं हाय मला. ती अडाणी हाय, मी बी अडाणी हाय. तू शिकल्याली हुतीस.”

चहा पिऊन झाल्यावर काकूंनी तिच्या ओटीत मूठभर ज्वारी घातली आणि फाट्यापर्यंत सोडायला आल्या. वाटेत मेंढरांविषयी एक शब्द बोलल्या नाहीत. गाडी आली तेव्हा मात्र, सुकन्याचा पाय पायरीवर असताना, त्या दुसरीकडंच बघत म्हणाल्या, “कापून वाळवायची असती. उन्हात पसरून आठ दिस. उभी चारायची न्हाई कवाच. शेळ्या कुणाच्या गेल्या असत्याल तर त्याला सांग.” म्हणजे भाच्यानं ती प्रतिक्रियाही वाचून दाखवली होती. एवढं एकच त्यांनी सांगितलं, तेही शिवशंकरसाठी. त्यानंतर सुकन्या दोनदा गेली. काकू चहा देत, विचारपूस करत. बाकी काही आठवत नाही म्हणत. कोंडाबाई, भागाबाई, अजून कितीतरी नावं आणि त्यांच्या मागची सगळी शहाणीव त्या डोक्यात घेऊन बसल्या होत्या आणि ती सुकन्यासाठी बंद झाली होती. तिनं किरळीची नोंद दुरुस्त केली. शिवशंकरला माफीचं लिहिलं. त्यानं बाईंचं नाव विचारलं होतं, ते सांगायचं धाडस तिला तेव्हाही झालं नाही.

चीक शिजला. परमेश्वर आणि सुकन्या, दोघांनी फडक्यांनी धरून पातेलं गच्चीवर नेलं. सायलीनं बाजेवर जुनं धोतर अंथरून ओलं करून ठेवलं होतं. तुळजाबाई एकेक पायरी मोजत वर आल्या आणि पाटावर बसल्या. साचा भरायचं काम त्यांचं, दाबायचं सुकन्याचं. सायली मोबाईल सांभाळत कावळे हाकत होती. पहिल्या दोन ओळी झाल्या.

“प्रबंध आणा बरं खालनं,” सुकन्या म्हणाली.

“कशाला?”

“किरळीचं पान काढा.”

परमेश्वर खाली जाऊन काळ्या बांधणीचा जाड प्रबंध घेऊन आला. पान सापडायला वेळ लागला.

“वाचा,” ती म्हणाली.

त्यानं वाचलं. “एका जाणकार माहितीदार स्त्रीच्या मते, किरळ आठ दिवसांनंतर चारल्यास बाधत नसल्याचे दिसून येते.”

“हे मी नंतर बदललं हुतं. मी तुमच्या फाईलीत ठेवलं ते आधीचं हाय.”

“मग?”

“शेळ्या मरतेत त्यानं.”

परमेश्वरनं पान परत वाचलं, मनातल्या मनात. सायलीनं मोबाईल खाली ठेवला.

“कोण वाचतंय प्रबंध,” तो म्हणाला. “पाच प्रती काढायच्या, कपाटात जातेत. सरांनी तरी कुठं वाचलाय.”

“मग लिहिला कावून?”

“तुला म्हाईत न्हाई का?”

“जागेसाठी.”

“जागेसाठीच.” तो गच्चीच्या कठड्याला टेकला. “पहिल्यांदा तसं नव्हतं. आमच्या वडलांना कोकरू आजारी हाय का ते त्याच्या कानावरनं कळायचं. ते कुठंतरी लिहून ठेवावं, एवढंच हुतं डोक्यात. मग तास, पेपर, सेमिनार. एक दिवस बघितलं तर वडलांचं एक वाक्य नव्हतं त्यात.”

सुकन्यानं हे कधी ऐकलं नव्हतं. एवढ्या वर्षांत एकदा तरी त्यानं हे सांगितलं असतं तर दोघं मिळून काकूंकडं गेले असते, कळप विकायच्या आधी गेले असते, असं तिच्या मनात येऊन गेलं. आता त्याचा उपयोग नव्हता. साचा रिकामा झाला होता. तिनं तो तुळजाबाईंकडं सरकवला.

“दुरुस्त करू की ती एक ओळ,” परमेश्वर म्हणाला. “सही केलीस की सरांना सांगून पान बदलतो. मग झालं?”

“आणि ती बाई कोण, कुणी इचारलं तर?”

“कोण इचारतंय.”

“इचारलं हुतं एकानं.”

तुळजाबाईंचा हात साच्यात थांबला. बाई कोण हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. “ते नाव घ्यायचं न्हाई हां,” त्या म्हणाल्या. “माझ्या जिवात जीव हाय तवर न्हाई. सोडून गेली ती.”

“आत्याबाई, ती सोडून गेली न्हाई. ती मेंढरांमागं गेली. आन तुमच्या म्हणण्यावर नाव काढलं ते मी. चौतीस ठिकाणी. तुमाला मोबाईल कळत न्हाई, ते तुमी केलेलं न्हाई.”

“मग भोग आता,” तुळजाबाई म्हणाल्या, आणि पुढं हळू आवाजात, “हाय का ती बरी?”

“बरी हाय. तुमच्या गुडघ्याचं इचारत हुती.”

तुळजाबाईंनी साचा भरला, झाकण फिरवलं आणि सुनेच्या पुढ्यात ठेवला. परमेश्वरनं फाईलमधून टाईप केलेला कागद काढून बाजेच्या कडेला ठेवला आणि उडू नये म्हणून त्यावर प्रबंध ठेवला. पेन खिशातच होतं. त्यानं ते हातात धरलं.

“ही जागा गेली तर परत निघायची न्हाई,” तो म्हणाला. “पंचेचाळीसला आलो मी.”

“म्हाईत हाय.”

“म्हणून म्हणतोय.”

तिला त्याची दया आली. त्याच्या कॉलरवर चिकाचा एक थेंब पडून वाळला होता, तो उद्याही तसाच राहील आणि तो तसाच सरांपुढं उभा राहील, हे तिला दिसत होतं. सही केली तर हे घर पाटोद्याला जाईल, सायलीला बीडच्या हॉस्टेलला घालता येईल, आणि प्रबंधाची पाच पुस्तकं कुठल्याशा कपाटात राहतील. कदाचित कधीच कुणी उघडणार नाही. कदाचित एखादा शिवशंकर उघडेल. ती काकूंना विचारायला परत सिरसाळ्याला गेली तर काकू चहा देतील आणि आठवत नाही म्हणतील. त्यांचं नाव परत घातल्यानं त्या बोलतील, अशी तिची अजिबात समजूत नव्हती. ती वेळ तिनं घालवली होती.

तिनं ओळ पूर्ण केली, साचा खाली ठेवला आणि हात पदराला पुसले.

“मी सही करणार न्हाई,” ती म्हणाली. “सरांना मी पत्र लिहिते. आज दुपारीच लिहिते, उद्या तुमी घेऊन जावा, न्हाई तर मी टपालानं टाकते. लिहिणारी मी हाय, सांगणाऱ्या कडूबाई देवकते, राहणार सिरसाळा, किरळीचं चुकलं ते माझं चुकलंय आणि ते पान बदलायला पाहिजे, एवढं त्यात असंल. आणि ब्लॉगवर चौतीस ठिकाणी काकूंचं नाव मी परत घालणार हाय, किरळीच्या नोंदीत बी. आत्याबाई, तुमाला माझ्या हातचं जेवायचं नसंल तर पीठ डब्यात हाय.”